खिळ्याचा काळा डाग आणि लाकडी पेन

ओकच्या जुन्या फळीतून खिळा उपटला की भोकाभोवती निळसर काळं वर्तुळ दिसतं. बरेच जण तेवढा भाग कापून टाकतात. मी नेमका तोच जपून ठेवतो. ओकच्या लाकडात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं. ओलाव्यात खिळ्याचं लोखंड थोडं थोडं विरघळत जातं आणि टॅनिनशी संयोग पावून हा काळा रंग तयार होतो. टॅनिन असलेलं मायफळ आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, यांची काळी शाई करत, तिच्यातही हेच घडतं. युरोपातली शेकडो वर्षांपूर्वीची कितीतरी हस्तलिखितं त्याच शाईत लिहिलेली आहेत. ज्या लाकडात आपोआप शाई मुरली, त्याचंच पेन कातायचं, याचा मला फार आनंद वाटतो.

पण जुनं लाकूड पेनाला चांगलं का, याचं उत्तर पाण्यात आहे. ताज्या तोडीच्या लाकडातलं पाणी कधीकधी कोरड्या लाकडाच्या वजनाहूनही जास्त भरतं. आधी पेशींच्या पोकळ्यांतलं पाणी जातं, तोवर लाकूड फारसं आकसत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांखाली उतरला की पेशींच्या भिंतींतलं पाणी सुटू लागतं आणि आकसणं सुरू होतं, तेही सगळ्या दिशांना सारखं नाही. वलयांना धरून जेवढं आकसतं, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या सुमारे निम्मं, आणि लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. या ओढाताणीतूनच भेगा पडतात. वर्षानुवर्षं घरात राहिलेल्या तुळईची किंवा चौकटीची ही ओढाताण केव्हाच होऊन गेलेली असते.

तरीही लाकूड हवेतला ओलावा घेत-सोडत राहतंच. ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत ते सुमारे १६ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, ५० टक्क्यांच्या हवेत सुमारे ९ टक्क्यांवर. माझं एक पेन तीन आठवड्यांत उभं चिरलं. फळी उघड्यावर पडलेली होती आणि मी ती आणली त्याच दिवशी कातायला घेतली होती. पेनाच्या आत पितळी नळी चिकटवलेली असते. लाकूड सुकून आकसतं, पितळ मात्र ओलाव्याच्या फरकाने हलत नाही, आणि टोकाशी लाकडाची जाडी कित्येकदा एक मिलिमीटरहूनही कमी उरलेली असते. आता मी तुकडे आधी कापून काही आठवडे खोलीतच ठेवतो.

नळीचं भोक पाडायला साध्या पेनासाठी सात मिलिमीटरचं ड्रिल लागतं. ते सारखं मागे घेऊन भुसा काढावा लागतो, नाहीतर घर्षणाने लाकूड तापून तडकतं. नळी बसवायला सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे चटकन चिकटणारा गोंद चालतो; तो लाकडातल्या आणि हवेतल्या किंचित ओलाव्यानेच घट्ट होतो. सागासारख्या तेलकट लाकडाला मात्र आधी अ‍ॅसिटोनने पुसावं लागतं.

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, २० मिलिमीटर जाडीचा गोल मिनिटाला २५०० फेरे फिरला, तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे २.६ मीटर वेगाने पटाशीसमोरून जातो. जाडी १० मिलिमीटरवर आली की हा वेग निम्मा होतो. म्हणून शेवटी फेरे वाढवले तर काप अधिक स्वच्छ येतो.

टाकाऊ लाकूड निवडताना डोळे उघडे हवेत. जुन्या रंगात शिसं असू शकतं, उघड्यावरच्या बांधकामाच्या, टिकण्यासाठी औषध मुरवलेल्या हिरवट लाकडात आर्सेनिक. मालवाहू पॅलेटवर ‘एचटी’ हा शिक्का असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, आणि ते मी हातात घेत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली आहे, त्यामुळे पॉलिशपेपर हातात घेण्याआधी चांगला मास्क तोंडावर हवाच.

आणि तो काळा डाग? तुकडा कापताना तो नळीच्या मधोमध न येता एका कडेला, बोटं टेकतात त्या जागी येईल असं मी मोजून घेतो. खिळ्याचं भोक त्याच लाकडाच्या भुशाने आणि गोंदाने बुजवतो, डाग तसाच राहू देतो.