मेश रूपांतर

मेश रूपांतर : त्रिमितीय पृष्ठभाग त्रिकोणांच्या जाळ्यात साठवलेली फाइल एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेण्याची क्रिया. मेशमध्ये मुळात दोन याद्या असतात : बिंदूंचे सहनिर्देशक, आणि कोणते तीन बिंदू मिळून एक त्रिकोण होतो त्यांचे क्रमांक. पायथॉनच्या ट्रायमेश लायब्ररीत वाचण्याची आणि लिहिण्याची एकेक ओळ पुरते. खरे काम तपासणीचे आहे.

विदर्भातल्या ३० × ३० × ३ मीटरच्या शेततळ्याचे उदाहरण घेऊ. उतार १:१ धरला तर तळ २४ × २४ मीटरचा होतो आणि क्षमता २,१९६ घनमीटर, म्हणजे २.१९६ टीसीएम (हजार घनमीटर) भरते. या आकाराला ८ बिंदू आणि १२ त्रिकोण पुरतात. बायनरी एसटीएल या फाइल-स्वरूपात मात्र क्रमांकांची यादीच नसते. प्रत्येक त्रिकोण आपले तिन्ही बिंदू पुन्हा लिहितो. म्हणून बिंदू ३६ होतात आणि फाइल ६८४ बाइटची : ८० शीर्षकाचे, ४ संख्येचे, बाकी दर त्रिकोणी ५०. ट्रायमेश वाचताना सारखे बिंदू आपोआप जोडते. ही प्रक्रिया बंद ठेवली तर ३६ तसेच राहतात आणि जाळे बंदिस्त नसल्याचे उत्तर येते. एसटीएलमध्ये एककही नसते. मिलिमीटर समजून उघडलेले तळे ३ सेंटिमीटरचे दिसते.

सर्वांत जास्त घोळ सहनिर्देशकांचा. यूटीएम या पद्धतीत पृथ्वीचे उभे विभाग पाडून स्थान मीटरमध्ये सांगतात; तीत वर्ध्याकडचे विषुववृत्तापासूनचे उत्तर अंतर सुमारे २३ लाख मीटर असते. बायनरी एसटीएल आणि जीएलटीएफ हे दुसरे स्वरूप बिंदूंसाठी ३२ बिटांचे दशांश वापरतात. एवढ्या मोठ्या आकड्याला त्यांची पायरी, म्हणजे शेजारच्या दोन आकड्यांतले अंतर, पाव मीटर पडते, आणि बांधाचा सरळ उतार दातेरी होतो. त्यामुळे बांधाचा एक कोपरा शून्य धरून तेवढे अंतर आधीच, ६४ बिटांत असतानाच, वजा करावे. वजा केलेला आकडा यूटीएमच्या विभाग क्रमांकासह वेगळा जपावा : ७८ पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला अमरावती शहर ४३ मध्ये, पूर्वेला वर्धा ४४ मध्ये.

जीएलटीएफमध्ये वरची दिशा वाय अक्षाची, मोजणीत झेड अक्षाची. नुसती वाय-झेड अदलाबदल केली की तळे आरशातले होते आणि घनफळ उणे येते; एक्स, झेड, उणे वाय असा क्रम लावावा. घनफळ उणे येण्याचे दुसरे कारण साधे आहे : जमिनीचे त्रिकोण वर तोंड करून असतात, पाण्याचा आकार मोजताना तीच आतली बाजू ठरते. ते उलटवावे लागतात, आणि काठाच्या पातळीवर झाकणही घालावे लागते. तळ्यात पाणी असताना ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रांतून तळ धड मिळत नाही, तो कोणत्याही रूपांतराने येत नाही. मोजणी उन्हाळ्यात, तळे आटल्यावर करावी.

रंगीत मॉडेल ओबीजे स्वरूपात असेल तर सोबतची, रंगांची माहिती असलेली एमटीएल फाइल आणि पृष्ठभागाची छायाचित्रे एकाच झिपमध्ये पाठवावीत. एकटी ओबीजे समोरच्याकडे रंगाविना उघडते.