तुमच्या फोनवर अ‍ॅपचे दोन आयकॉन का?

“अ‍ॅप म्हणतं पेमेंट झालं, खात्यात तर रुपया नाही!” असा दुकानदाराचा फोन आला की आम्ही अ‍ॅप बनवणारे आधी एकच विचारतो: आयकॉनवर नारिंगी पट्टी आहे का? बहुतेक वेळा असतेच.

पट्टीवालं ते टेस्ट अ‍ॅप, फक्त तपासून बघायचं. दिसायला हुबेहूब खऱ्यासारखं, पण त्याचा सर्व्हर वेगळा, फायरबेस (अ‍ॅपमागची गूगलची सेवा) प्रोजेक्ट वेगळा, पेमेंटची की (खातं ओळखायचा कोड) वेगळी. या सेटिंग्ज आम्ही कोडमध्ये न मिसळता वेगळ्या फाइलींत ठेवतो आणि बिल्ड करताना, म्हणजे कोडपासून अ‍ॅप तयार करताना, टेस्टची किंवा लाइव्हची (खऱ्या अ‍ॅपची) फाइल आत घालतो. फोन अ‍ॅपला ज्यावरून ओळखतो, त्या पॅकेज नावाला टेस्टमध्ये शेपूट जोडतो, म्हणून दोन्ही अ‍ॅप एकाच फोनवर राहू शकतात. रेझरपे या ऑनलाइन पेमेंट सेवेच्या टेस्ट मोडमध्ये नेटबँकिंग निवडलं की बँकेचं लुटुपुटूचं पान उघडतं. त्यावर दोनच बटणं, सक्सेस आणि फेल्युअर. सक्सेस दाबलं की अ‍ॅप बिचारं पैसे आले म्हणणारच.

म्हणून विनंती, आणि हे पत्रक त्यासाठीच: टेस्टची एपीके फाइल (जिच्यावरून अ‍ॅप फोनवर बसतं ती) दुकानातल्या ग्रुपवर फॉरवर्ड करू नका. ऐन आंबिया बहारात नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्रा व्यापाऱ्यांनी ती ‘बघून घ्या’ म्हणून मुनीमजींना पाठवली. मुनीमजींनी बघितली नाही, वापरायलाच घेतली! तीन दिवसांच्या ऑर्डरी टेस्ट सर्व्हरवर गेल्या आणि रविवारी रात्री आम्ही तो नेहमीप्रमाणे पुसला. नशीब, मुनीमजींनी वहीतही लिहून ठेवलं होतं. आमच्या ऑफिसातल्या दोन मुलांनी दोन रात्री बसून सगळं पुन्हा भरलं. चूक आमचीही होती. तेव्हा दोन्ही आयकॉन सारखेच होते. नारिंगी पट्टी त्यानंतर आली.

दुसरी तक्रार: “एक लिंक तर बदलायची, त्याला दोन दिवस?” लिंक बदलायला दोन मिनिटं लागतात. पण ती अ‍ॅपच्या पोटात आहे. नवं बिल्ड, तपासणी, प्ले स्टोअरची मंजुरी, एवढं सगळं होतंच. शिवाय ग्राहकाने अपडेट घेतलं नाही तर त्याच्याकडे जुनीच लिंक. म्हणून वारंवार बदलणाऱ्या गोष्टी आम्ही सर्व्हरवर ठेवतो. डिलिव्हरी चार्ज असो की ‘मारबतीला दुकान बंद’ची पाटी, दुकानाच्या सेटिंग्जच्या पॅनलमधून तुम्हीच बदला, नवं अ‍ॅप लागत नाही. अशा गोष्टींची यादी मात्र काम सुरू होतानाच द्या.

रेझरपेची सिक्रेट की, म्हणजे पेमेंट खात्याची गुप्त चावी, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. आम्ही ती अ‍ॅपमध्येही ठेवत नाही, कारण एपीके उघडून कोणीही आतलं वाचू शकतं. ती फक्त सर्व्हरवर. ऑफिसला या, तुमच्या हाताने भरा. चहा होईपर्यंत काम होतं.

अ‍ॅपमधल्या नकाशाचंही बरेच जण विचारतात: ऑफिसात दिसला, प्ले स्टोअरवरून घेतल्यावर कोरा. प्ले स्टोअर तुमच्या अ‍ॅपवर स्वतःची डिजिटल सही करतं. त्या सहीचा ठसा गूगल मॅप्सच्या कीमध्ये नोंदवावा लागतो. ते काम आमचं. तुम्ही फक्त प्ले कन्सोलचा, म्हणजे प्ले स्टोअरवर अ‍ॅप सांभाळायच्या खात्याचा, प्रवेश द्या.

प्ले कन्सोल, फायरबेस, रेझरपे ही सगळी खाती आम्ही तुमच्याच नावाने काढतो. उद्या आमच्याशी जमलं नाही तरी अ‍ॅप तुमचंच. दुसरीकडे बनवलेलं अ‍ॅप असेल आणि टेस्ट-लाइव्हचा घोळ वाटत असेल, तर शनिवारी दुपारी घेऊन या. पहिल्या तपासणीचे पैसे घेत नाही.