बीनबॅगच्या आधी

ऑफिसात खेळीमेळीचं वातावरण हवं म्हटलं की पहिल्यांदा फर्निचरची यादी निघते: बीनबॅग, फूसबॉल, भिंतभर पांढरा फळा. मी पाहिलेल्या एका ऑफिसात टेबल टेनिसचं टेबल आलं, दोन आठवडे धूमधडाक्यात चाललं आणि मग त्यावर कुरियरची खोकी साठू लागली. साहेबांच्या केबिनची काच नेमकी त्याच टेबलाच्या बाजूला होती. या कल्पनेचा इतिहास पाहिला तर याचं नवल वाटत नाही. त्यात खेळ आधी आला, खेळणी फार उशिरा.

सुरुवात झाली ती अगदी उलट टोकाला. फ्रेडरिक टेलर यांचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक १९११ चं. हातात स्टॉपवॉच, प्रत्येक हालचालीची मोजदाद. विचार नियोजन विभागानं करायचा, कामगारानं फक्त हात चालवायचे. मुद्दाम रेंगाळणं हा टेलर यांचा सगळ्यात मोठा शत्रू. या चौकटीत थट्टामस्करी म्हणजे वेळेची चोरीच. पुढे १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात प्रयोग झाले. त्यांच्या निष्कर्षांवर अजून वाद आहेत, पण कामगाराचं मन आणि त्याचे सोबती हा विषय व्यवस्थापनाच्या चर्चेत आला तो मुख्यतः तिथून.

खरा खेळ मात्र अशा ठिकाणी रुजला जिथे कुणी तो आणायला गेलंच नव्हतं. बेल लॅब्ज या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत क्लॉड शॅनन एकचाकी सायकलवर बसून कॉरिडॉरमधून फिरायचे. १९४८ मध्ये माहितीचं गणित मांडणारा हाच माणूस. १९५० च्या सुमारास त्यांनी चक्रव्यूहातून वाट शोधणारा यांत्रिक उंदीर केला. मग संगणकतज्ज्ञ मार्विन मिन्स्की यांच्या कल्पनेवरून एक पेटी बनवली. पेटीचं बटण चालू केलं की झाकण उघडायचं, आतून एक हात बाहेर यायचा, तेच बटण बंद करायचा आणि पुन्हा आत जायचा. एवढंच. उपयोग शून्य, आणि कुणी तो विचारलाही नाही.

एमआयटीतली इमारत क्रमांक २० हीसुद्धा अशीच. १९४३ मध्ये रडार संशोधनासाठी घाईघाईनं उभारलेली लाकडी इमारत. युद्ध संपलं की पाडायची होती. पडली १९९८ मध्ये. तोवर ती इतकी बिनमहत्त्वाची समजली जायची की भिंतीला भोक पाडायला परवानगी लागत नसे. अणुघड्याळावर काम करणाऱ्या जेरोल्ड झकारायस यांच्या गटाला उंच नळकांडं उभं करायचं होतं, तर त्यांनी मधले मजलेच कापून काढले. याच इमारतीत विद्यार्थ्यांचा खेळण्यातल्या रेल्वेचा क्लब होता. रुळांखालच्या रिलेंच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या, जंजाळात रमलेली त्यातली पोरं पुढे संगणकांकडे वळली आणि त्यांच्या गोतावळ्यातून १९६२ मध्ये ‘स्पेसवॉर’ हा गेम आला.

दरम्यान खेळाला नियमात बसवायचा प्रयत्नही सुरू झाला होता. जाहिरात क्षेत्रातल्या अ‍ॅलेक्स ऑस्बोर्न यांनी ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ लोकप्रिय केलं: टीका नको, कल्पना जितक्या जास्त आणि जितक्या अचाट तितकं बरं. १९५८ मध्ये येल विद्यापीठात याची परीक्षा झाली. चौघांनी एकत्र बसून काढलेल्या कल्पनांपेक्षा, वेगवेगळं बसलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज जवळपास दुप्पट भरली. तरीही मीटिंग रूममधून ब्रेनस्टॉर्मिंग काही हललं नाही.

बीनबॅग जन्मली १९६८ मध्ये, इटलीत. ऑफिसात ती गाजली ती पालो आल्टोच्या झेरॉक्स संशोधन केंद्रामुळे. १९७० मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात बॉब टेलर यांच्या संगणक विभागाची साप्ताहिक बैठक बीनबॅगांवर भरे. बोलणाऱ्याला ‘डीलर’ म्हणत, कारण पत्ते वाटणाऱ्यासारखे त्या दिवसाचे नियम तोच ठरवायचा. बाकीचे त्याच्या मांडणीच्या चिंध्या करायला मोकळे. आल्टो हा सुरुवातीचा वैयक्तिक संगणक याच वातावरणातला. नंतर नक्कल करणाऱ्यांनी बीनबॅगा घेतल्या, चिंध्या करायची मुभा तेवढी घ्यायची राहून गेली.

त्याचं सगळ्यात नाट्यमय उदाहरण चायट/डे या जाहिरात कंपनीचं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिनं लॉस एंजेलिसच्या ऑफिसातली स्वतःची टेबलं काढून टाकली. रोज सकाळी काउंटरवरून लॅपटॉप आणि फोन घ्यायचा आणि जागा मिळेल तिथे बसायचं. दोघांना खासगी बोलायचं असेल तर जत्रेतल्या पाळण्याच्या जुन्या गाड्या आणून ठेवल्या होत्या. लोक आपले कागद स्वतःच्या मोटारीच्या डिकीत ठेवू लागले. १९९८ मध्ये कंपनी नव्या जागेत गेली आणि माणशी टेबल परत आलं.

योहान हुइझिंगा या डच इतिहासकारानं १९३८ मध्येच लिहून ठेवलं होतं की खेळ आपखुशीचा असतो; हुकमावरून खेळला तर तो खेळ उरत नाही. पॅरिसमधल्या एका सल्लागार कंपनीनं २०१५ मध्ये आपल्या एका कर्मचाऱ्याला काढलं. कंपनीच्या ‘मजेदार’ संस्कृतीत, म्हणजे मद्यपानाच्या पार्ट्यांत, तो मिसळत नाही हे त्यातलं एक कारण होतं. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: मजेत सामील न होणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे आणि त्यासाठी नोकरीवरून काढता येणार नाही.