दातावर दात

जबडा मोडलेला माणूस समोर आला की आम्ही त्याला सगळ्यात आधी विचारतो, "दातावर दात पूर्वीसारखे बसतायत का?" तो तोंड जरा मिटून बघतो आणि मान हलवतो. सूज अर्ध्या चेहऱ्यावर पसरलेली असते, एक्स-रे अजून निघायचा असतो, पण त्याचं उत्तर बहुधा बरोबर निघतं. दाताच्या मुळाभोवती तंतूंची एक पातळ गादी असते. केसाच्या जाडीहून कमी फरक पडला तरी तिला तो कळतो. भातात बारीकसा खडा आला की आपण घास तिथेच थांबवतो, तो या गादीमुळेच.

मोडलेला जबडा जुळवताना हीच आमची मोजपट्टी. खालचा जबडा घोड्याच्या नालेसारखा वळलेला असतो आणि दोन्ही टोकांना कानांपुढे सांध्यात अडकवलेला असतो. हनुवटीवर आपटलं तर हनुवटीजवळ भेग पडते आणि बऱ्याचदा कानाजवळचा जबड्याचा नाजूक, मानेसारखा बारीक भागही तडकतो. मग चघळण्याचे स्नायू प्रत्येक तुकडा आपापल्या बाजूला ओढू लागतात. वरचा जबडा मात्र कवटीला पक्का असतो. म्हणून खालचे दात वरच्या दातांच्या खाचांत नेमके बसवायचे आणि दोन्ही जबडे एकमेकांना बांधून टाकायचे. दात जागेवर आले की हाडही जागेवर येतं. नातेवाईक घाबरून विचारतात, "म्हणजे दातखीळच बसवणार का?" काही काळापुरती, हो.

युक्ती जुनी आहे. मोडलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंचे दात सोन्याच्या तारेने किंवा लिननच्या दोऱ्याने बांधावेत, असं प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या ग्रंथांत सांगितलेलं आहे. तेराव्या शतकात इटलीतले शल्यवैद्य सालिचेतो यांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं आणि खालचे दात वरच्या दातांनाच बांधायला सांगितलं. पुढे ही गोष्ट मागे पडली. १८८७ साली अमेरिकेतल्या थॉमस गिल्मर यांनी ती पुन्हा वापरात आणली.

आज सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव म्हणजे आर्च बार, त्यातही एरिक आर्च बार. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयातल्या जॉन एरिक यांनी १९४० च्या दशकात तो रूढ केला. ही एक मऊ, चपटी धातूची पट्टी असते आणि तिच्यावर ओळीने छोटे हूक असतात. दातांच्या कमानीप्रमाणे ती वाकवायची आणि हिरडीलगत धरून एकेका दाताला साधारण अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या तारेने बांधायची. तार आधी थोडी ताणून घ्यावी लागते, नाहीतर ती नंतर सैल पडते. एक टोक पट्टीच्या वरून, दोन दातांमधल्या फटीतून आत घालायचं. मग ते दातामागून वळवून पलीकडच्या फटीतून, पट्टीच्या खालून बाहेर काढायचं आणि दोन्ही टोकं चिमट्यात धरून, आपल्याकडे ओढत, घड्याळाच्या दिशेने पिळायची. दिशा ठरलेली असते, म्हणजे सहा आठवड्यांनी दुसरा कुणी तार सोडायला बसला तरी कुठल्या बाजूने उलगडायची ते त्याला माहीत असतं. पिळता पिळता तारेची चमक गेली की थांबायचं. आणखी अर्धा वळसा दिला तर ती तुटते. उरलेलं टोक कापून आत वळवायचं, नाहीतर रुग्णाचा ओठ सोलला जातो. पुढचे चार दात आम्ही शक्यतो सोडतो. त्यांची मुळं एकेरी आणि निमुळती असल्याने तारेच्या ओढीने दात वर निघू शकतो.

दोन्ही जबड्यांना मिळून हे करायला तासभर सहज जातो. त्या तासात तारेचं टोक हातमोज्यात घुसतं, आणि ते घुसल्याचं कधी कधी मोजा काढल्यावरच दिसतं. समोरच्याला कावीळ बी किंवा एचआयव्ही असू शकतो. म्हणून दोन मोजे एकावर एक घालायची सवय लागते. शिकाऊ डॉक्टरांना मी तार पिळायला शिकवण्याआधी कावीळ बीच्या लसीचे तिन्ही डोस झालेत का ते विचारतो.

मोडीवर स्क्रूंनी बसवायच्या धातूच्या प्लेटा येण्याआधी जबडा चार ते सहा आठवडे बांधलेलाच राहायचा, कारण हाड जुळवून धरण्याची सगळी मदार तारेवर होती. १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे मॅक्सिम शाँपी आणि सहकाऱ्यांनी चावताना जबड्यात ताण कुठे येतो याचा अभ्यास केला. चावताना मोडीच्या वरच्या कडेला हाड फाकायला बघतं आणि खालच्या कडेला दाबलं जातं. मग फाकणाऱ्या रेषेवर जेमतेम एक मिलिमीटर जाडीची प्लेट छोट्या स्क्रूंनी बसवली तरी पुरते. त्या प्लेटेमुळे तारेचं काम पुष्कळ हलकं झालं. आता अनेक रुग्णांत जबडा फक्त ऑपरेशनपुरता बांधायचा असतो. दात जुळवले, प्लेट बसवली की तारा सोडायच्या.

जबडा बांधण्याच्या पद्धतींची तुलना करायची ती हे लक्षात ठेवून. अर्ध्या तासाच्या प्लेटिंगसाठी तासभर तारा पिळणं मला पटत नाही. भूल तेवढी लांबते आणि हिरड्या तेवढ्या रक्ताळतात.

पर्याय १९८० च्या दशकाच्या अखेरीस आला: जबड्याच्या हाडात थेट बसवायचे स्क्रू. वर दोन, खाली दोन, कधी सहा, आणि त्यांच्या डोक्यांभोवती तार फिरवून जबडे बांधायचे. पंधरा मिनिटांत काम होतं, हातमोजे शाबूत राहतात, हिरड्या स्वच्छ राहतात. आपल्याकडे याचा आणखी एक फायदा आहे. गुटख्याने गाल आतून कडक झालेल्या माणसाचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. तिथे मागच्या दाढेमागून तार फिरवणं म्हणजे अंधारात सुई ओवणं, स्क्रू मात्र समोरूनच बसतो.

पण स्क्रू दोन दातांच्या मुळांमधल्या अरुंद जागेतून जातो. सुळ्याचं मूळ लांब असतं आणि शेजारच्या उपदाढेचं त्याच्या जवळ. अंदाज जरा चुकला की ड्रिल मुळात घुसतं आणि तो दात पुढे मरू शकतो. दुसरी अडचण जास्त फसवी आहे. ओढ चारच बिंदूंवर येते. तार जास्त आवळली तर पुढे दात छान बसलेले दिसतात, आणि मोडीची आतली, जिभेकडची बाजू फाकलेली राहते. हाडाचे बरेच तुकडे झाले असतील किंवा नंतर काही दिवस रबराने जबडा ओढून ठेवायचा असेल, तर मी आर्च बारच घेतो. बहुतेक दातांना धरणारी पट्टी तुकड्यांना आवरून धरते, आणि रबर अडकवायला हवे तेवढे हूक मिळतात.

या दोहोंचा मेळ घालणारी पट्टीही आता मिळते. तिच्यावर हूक असतात, पण ती दातांऐवजी स्क्रूंनी हाडाला बसते. वेळ वाचतो आणि हात टोचत नाहीत. किंमत मात्र साध्या पट्टीच्या कित्येक पट असते आणि स्क्रूंवर हिरडी चढते. सरकारी रुग्णालयात ती सगळ्यांना परवडत नाही. दात सगळे असतील आणि मोड साधी असेल, तर दोन दातांभोवती तारेचा छोटा फासा करण्याची रॉबर्ट आयव्ही यांची १९२२ ची पद्धत अजूनही काम देते. अनुभवी सहायक असेल तर काही सर्जन साध्या मोडीत जबडा नुसता हाताने धरून प्लेट बसवतात.

लहान मुलांत गणित बदलतं. हाडात पक्के दात तयार होत असतात, त्यामुळे स्क्रू टाळायचा. दुधाचे दात आखूड आणि आकाराने असे की तार घसरते. कानाजवळचा सांधा मोडलेला असेल तर मुलाचा जबडा दोन आठवड्यांपलीकडे बांधून ठेवत नाहीत, कारण तो सांधा कायमचा जखडण्याची भीती असते. दातच नसतील तर कवळीसारखा साचा लागतो. त्याच्याशी थॉमस गनिंग या दंतवैद्यांचं नाव जोडलेलं आहे. १८६५ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सीवर्ड घोडागाडीतून पडून जबडा मोडून बसले होते. राष्ट्राध्यक्ष लिंकनवर गोळी झाडली गेली त्याच रात्री सीवर्ड यांच्यावर अंथरुणातच सुऱ्याने हल्ला झाला. तरी ते वाचले, आणि गनिंग यांनी कडक रबराचा साचा बसवून त्यांचा जबडा सांधला.

जबडा बांधून घरी जाणाऱ्याला मी तार कापायची पकड उशाशी ठेवायला सांगतो. उलटी झाली तर कुठल्या तारा कापायच्या ते घरच्यांपैकी एकाला आरशासमोर दाखवून देतो. मग जेवणाचा प्रश्न येतो: पेज, नाचणीची आंबील, गाळलेलं वरण, ताक. शेवटच्या दाढेमागे थोडी फट असते, तिथून नळीने सगळं आत जातं. सुश्रुतसंहितेत हललेल्या दातांवर उपचार सांगताना कमळाच्या देठातून दूध पाजायला सांगितलं आहे. त्याच अध्यायात निखळलेला जबडा शेकून जागेवर बसवायचा आणि पंचांगी नावाचा पट्टा बांधायचा असंही आहे. वॉर्डात आईला मुलाच्या तोंडाशी स्ट्रॉ धरताना बघतो तेव्हा मला तो देठ आठवतो.

माझ्याकडे येणारे बहुतेक दुचाकीवरून पडलेले तरुण असतात. कित्येकांच्या डोक्यावर हेल्मेट असतं, पण अर्धं, हनुवटी उघडी ठेवणारं. पूर्ण हेल्मेट घ्या, असं मी त्यांना बांधलेल्या तोंडानेही होकार देईपर्यंत सांगत राहतो.

तारा सोडल्या की तोंड उघडत नाही, जेमतेम एक बोट जातं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि रोज एक वाढवायची. कोणी पंधराव्या काडीला पोचतो, कोणी विसाव्या. बहुतेकजण पहिला घास भाकरीचा मागतात. मी म्हणतो, अजून आठवडाभर दुधात कुस्करून.