शांतिस्तंभ आणि शांतिस्तूप: अक्षरं पुसून पाहा, मग कळेल

मागे एका शाळेकडून ‘विश्वशांती स्तूपाचे लोकार्पण’ अशी पत्रिका आली. उत्सुकतेने गेलो. आवारात माणसापेक्षा जरा उंच, चौकोनी, पांढरा खांब उभा होता आणि चारही बाजूंना चार भाषांत शांतीची प्रार्थना करणारं एकच वाक्य लिहिलेलं होतं. हा स्तूप नव्हे. याला जगभर पीस पोल म्हणतात, आपण शांतिस्तंभ म्हणू. त्यानंतर हीच चूक इतक्या ठिकाणी पाहिली की आता लिहायलाच बसलो.

स्तूप म्हणजे काय हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. दीक्षाभूमीच्या घुमटाखाली आपण लहानपणापासून उभे राहिलो आहोत. वर्ध्याला गीताई मंदिरात जाणारा शेजारच्या पांढऱ्या विश्वशांती स्तूपाला वळसा घालून चार दिशांच्या चार बुद्धमूर्ती पाहूनच परततो.

घोळ का होतो तेही समजतं. शांतिस्तूप आणि शांतिस्तंभ या दोन्ही गोष्टी जपानमधून आल्या आणि दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या होरपळीनंतर उभ्या राहिल्या. स्तूपांमागे जपानी बौद्ध भिक्खू निचिदात्सु फुजी, आपल्याकडचे फुजी गुरुजी. ते १९३३ साली वर्ध्यात गांधीजींना भेटले. सेवाग्रामच्या प्रार्थनेत आजही ‘नम्यो हो रेंगे क्यो’ म्हणतात, ते या नात्यामुळे. युद्धानंतर त्यांनी आणि त्यांच्या भिक्खूंनी कुमामोतो (१९५४), राजगीर (१९६९), धौली (१९७२) असे शांतिस्तूप बांधले. गुरुजी १९८५ मध्ये गेले, वर्ध्याचा स्तूप १९९३ चा. स्तंभांमागचे मासाहिसा गोई हे वेगळे गृहस्थ. त्यांनी १९५५ पासून एका ओळीची प्रार्थना पसरवली आणि ती लिहिलेले खांब उभे करण्याची चळवळ १९७६ मध्ये सुरू झाली. दोघांच्या संस्था वेगळ्या, वाटा वेगळ्या.

उंची, खर्च, बांधकाम हे फरक डोळ्यांना दिसतातच, त्यात वेळ घालवत नाही. खरा फरक पोटात काय आहे याचा आहे.

स्तूपाच्या पोटात धातू असतात. धातू म्हणजे लोखंड-तांबं नव्हे, तर बुद्धांचे किंवा एखाद्या वंदनीय माणसाचे अवशेष. म्हणून तर त्याला धातुगर्भ म्हणतात, आणि श्रीलंकेतला ‘डागोबा’ हा शब्द त्यातूनच आला. दीक्षाभूमीत बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. माणूस तिथे हात जोडतो, प्रदक्षिणा घालतो, ते त्या पोटातल्या ठेव्यापुढे. भिंतीवरचा फलक उद्या काढून टाकला तरी स्तूप स्तूपच राहील.

शांतिस्तंभाच्या पोटात काही नाही. जे आहे ते सगळं अंगावर. अक्षरं पुसली तर कुंपणाचा खांब उरेल. आपल्या नागपूरच्या झिरो माईलच्या षट्कोनी दगडावर गावांची अंतरं कोरली आहेत. ती काढली तर तिथे काय राहील? शांतिस्तंभाचं तसंच आहे. त्याच्याभोवतीही आपण फिरतो, पण ती प्रदक्षिणा नव्हे, पुढच्या बाजूची भाषा वाचण्यासाठी फिरावंच लागतं. त्या शाळेत हळदकुंकू वाहून खांबाला झेंडूचा जाड हार घातला होता आणि मराठी ओळ नेमकी हाराखाली गेली होती. भाव चांगला होता, पण स्तंभ मुका झाला. ‘सौजन्य’ म्हणून देणगीदाराचं नाव मूळ वाक्याहून मोठं रंगवतात, त्यानेही हेच होतं. नाव लिहायचंच असेल तर शेजारी वेगळी पाटी लावा.

सगळं वाक्यावरच अवलंबून असल्यामुळे भाषांतराचा हलगर्जीपणा मला सहन होत नाही. ‘शांततेचा विजय असो’ लिहू नका. विजय म्हटला की कुणीतरी हरलेला लागतो. ‘शांतता प्रस्थापित होवो’ हे दंगलीनंतरच्या सरकारी निवेदनासारखं वाटतं. आणि नुसत्या ‘शांतता’ने वाचनालयातली ‘शांतता राखा’ ही पाटी आठवते. मराठीत चांगली ओळ आहे: ‘पृथ्वीवर शांती नांदो’. लेक सासरी नांदते, घरात सुख नांदतं. त्या क्रियापदात रोजचं, टिकणारं राहणं आहे, आणि शेवटच्या ‘ओ’मध्ये इच्छा आहे. ‘May Peace Prevail on Earth’ या इंग्रजी ओळीशी ती शब्दाला शब्द जुळवत बसू नका. मूळ जपानी ओळीत तरी पृथ्वी कुठे आहे? तिथे जगातल्या मानवजातीसाठी शांती मागितली आहे. प्रत्येक भाषेने आपल्या तोंडाने मागावं, यासाठीच तर बाजू वेगवेगळ्या.

म्हणून भाषा निवडताना शोभेचा विचार नको. फ्रेंच आणि स्पॅनिश लिहिली की स्तंभ ‘जागतिक’ दिसतो असं समितीला वाटतं, पण वाचणार कोण? नागपुरात चार बाजू असतील तर माझ्या मते मराठी, हिंदी, उर्दू आणि गोंडी. हे शहर गोंड राजा बख्त बुलंदशहाने वसवलं आणि त्याच्या लोकांची भाषा आपल्या चौकांत कुठेही लिहिलेली दिसत नाही. सहा बाजूंचा खांब मिळाला तर जरीपटका भागातल्या सिंधी वस्तीसाठी सिंधी घ्या, आणि जपानीही, कारण ओळ तिथली आहे. गोंडी ओळ मात्र गोंडी बोलणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच लिहून घ्या, लिपी कोणती तेही त्यालाच विचारा. आणि रंगाऱ्याला कागद देण्याआधी छापलेली प्रत तपासा. संगणकातला फॉन्ट बदलला की ‘नांदो’चा काना-मात्रा सुटून भलतीकडे जातो, आणि रंगारी समोर दिसेल तेच रंगवतो.