उचललेली बातमी आणि परतीची वाट

एका कुस्तीगीर मुलाचे वडील दोन कात्रणं घेऊन आमच्या पेपरच्या जळगावच्या कार्यालयात आले होते. चोपडा तालुक्यातल्या एका यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीची बातमी होती. मुलगा अडावदचा, पण छापून आलं होतं लासूर. ते म्हणाले, "भाऊ, दोन्ही पेपरमा आमना गावनं नाव चुकी गयं." मी दोन्ही कात्रणं शेजारी ठेवली. चूक एकच, 'घिस्सा डावावर आस्मान दाखवले' हे वाक्यही एकच. आखाड्याजवळ बसला होता दुसऱ्या पेपरचा वार्ताहर. आमच्या वार्ताहरानं त्याची बातमी चुकीसकट उचलली होती.

अशी उचलेगिरी क्रीडा पानावर रुळली कशी, हे समजायला मागं जावं लागतं. पीटीआय या वृत्तसंस्थेचं काम १९४९ मध्ये सुरू झालं. टेलिप्रिंटरवर इंग्रजी मजकूर यायचा आणि मराठी डेस्क तो भाषांतरित करायचं. संस्थेचं नाव दिलं की व्यवहार चोख. नाव गळलं तरी वाचकाला पत्ता लागायचा नाही. १९६२ मध्ये 'महाराष्ट्र टाइम्स' निघाला आणि त्यातले क्रीडा पत्रकार वि. वि. करमरकर यांनी मराठीत खेळाला रोजची हक्काची जागा मिळवून दिली. मैदानावर जाऊन लिहिणारा माणूस त्यामुळे दिसू लागला. जिल्ह्याच्या पेपरांत मात्र कबड्डी-खोखोचे निकाल संघटनांच्या प्रसिद्धिपत्रकावरूनच लागत. तोच मजकूर चार पेपरांत आला तरी त्यात चोरी नव्हती, तो छापण्यासाठीच दिलेला असे. पण एकसारखं छापायची सवय तिथूनच लागली. पुढं व्हॉट्सॲप ग्रुप आले आणि पत्रक कुठलं, दुसऱ्याची मेहनत कुठली, हे डेस्कवर कळेनासं झालं.

हा घोळ आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत तिथल्या अमेरिकन फुटबॉलवर लिहिणारे पत्रकार आपापल्या नोंदी एकमेकांना देत. 'बोस्टन ग्लोब'च्या रॉन बोर्जेस यांच्या सदराखाली इतर पत्रकारांची माहिती वापरल्याची ओळही असायची. तरी मार्च २००७ मध्ये टॅकोमाच्या एका पत्रकाराचा मजकूर त्यात जवळजवळ जसाच्या तसा सापडला. शिक्षा झाली दोन महिने बिनपगारी निलंबनाची. पुढं ते 'बोस्टन हेरल्ड'मध्ये लिहू लागले. 'डेट्रॉइट फ्री प्रेस'चे क्रीडा स्तंभलेखक मिच अल्बम यांचं प्रकरण चोरीचं नव्हे, बनावट तपशिलाचं. एप्रिल २००५ मध्ये त्यांनी सामना होण्याआधीच लेख दिला आणि दोन खेळाडू प्रेक्षकांत बसल्याचं लिहून टाकलं. ते दोघं आलेच नाहीत. अल्बम काही काळ पानावरून दूर झाले, परत आले, आणि २०१० मध्ये त्यांना क्रीडा संपादकांच्या संघटनेचा रेड स्मिथ पुरस्कार मिळाला. त्यावर नाराजीही उमटली. पण चूक त्यांच्या नावावर होती, तिची चर्चा नावानिशी झाली, आणि परत आले तेही त्याच नावानं.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ लेखकाला आपलं लेखकत्व सांगण्याचा हक्क देतं. प्रेस कौन्सिल पहिल्यांदा १९६६ मध्ये आली, आणीबाणीत बरखास्त झाली आणि १९७९ मध्ये पुन्हा उभी राहिली. दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून छापणं तिच्या आचारसंहितेत गैर ठरतं. पण कौन्सिल ताकीद देते, ठपका ठेवते, दंड करत नाही. आणि या सगळ्याला नाव लागतं. तालुक्याची बातमी छापून येते 'वार्ताहर' या एका शब्दाखाली. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यानं संरक्षण दिलं ते पत्रकारिता हा मुख्य व्यवसाय असलेल्यांना. बी-बियाण्याचं दुकान सांभाळून कॉलमच्या हिशेबानं बातमी देणारा त्यात बसत नसे.

आमचा वार्ताहर असाच होता. त्याला फोन मीच केला. "उद्यापासून बातमी पाठवू नका," एवढंच बोललो. का उचलली, यात्रेला का गेला नाहीत, हे विचारलं नाही. हे मला आजही खुपतं. त्याची बाजू कुणी ऐकली नाही, त्याला कबुली द्यायची संधी मिळाली नाही, आणि ज्याची बातमी गेली त्याचं नाव आम्ही छापलं नाही. काही महिन्यांनी तो दुसऱ्या एका पेपरला बातम्या देऊ लागला. तिथं कुणाला काही माहीत नव्हतं.

अडावदची दुरुस्ती मात्र मी दुसऱ्या दिवशी लावली, आतल्या पानावर, तीन ओळींत. मुलाच्या वडिलांनी तेही कात्रण नेलं.