हँड्स-फ्री प्रोफाइल, मोटारगाडीतील

मोबाइल फोन व मोटारगाडीतील ध्वनियंत्रणा यांनी ब्लूटूथवरून संभाषण आणि फोनचे नियंत्रण कसे चालवावे, हे ठरविणारे प्रमाणित नियम. संक्षेप : एचएफपी. यात फोन ‘ऑडिओ गेटवे’ आणि गाडीतील संच ‘हँड्स-फ्री युनिट’ या नावाने ओळखला जातो.

ब्लूटूथचे नियम ठरविणारी ब्लूटूथ एसआयजी ही संघटना १९९८ मध्ये स्थापन झाली. आरंभीच्या हेडसेट प्रोफाइलमध्ये एका बटणापलीकडे फारसे नियंत्रण नव्हते. गाडीसाठी क्रमांक लावणे, कॉल नाकारणे, दुसरा कॉल थांबवून ठेवणे हेही लागते. त्यासाठी आलेल्या एचएफपीची पहिली आवृत्ती साधारणतः २००३ ची मानतात. हेडसेट प्रोफाइलचा विस्तार असे तिचे वर्णन आढळते. परंतु तिचा आज्ञासंच मोडेमच्या (दूरध्वनी तारेवरून संगणक जोडणाऱ्या उपकरणाच्या) ‘एटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञांचा आहे. हेझ कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासून जीएसएम फोनपर्यंत आलेली ती परंपरा पाहता मोडेमशी असलेले नाते अधिक घट्ट दिसते.

जोडणी : पेअरिंगमध्ये, म्हणजे दोन उपकरणांच्या पहिल्या जोडणीत, केवळ ओळख पटते. सुसंगतता ठरते ती त्यानंतरच्या सेवा-जोडणीत. गाडी प्रथम ‘एटी+बीआरएसएफ’ ही आज्ञा देऊन आपल्या क्षमता एका संख्येच्या रूपात कळविते व फोन आपल्या कळवितो. दोघांनाही कोडेक (आवाज अंकीय रूपात बांधण्याची व उलगडण्याची पद्धत) निवडता येत असेल तर ‘एटी+बीएसी’ने गाडी आपले कोडेक सांगते. पुढे ‘एटी+सीआयएनडी’ने निर्देशकांची यादी व त्यांची चालू स्थिती मागितली जाते. सिग्नल आणि बॅटरी हे निर्देशक ० ते ५ या मोजपट्टीवर असल्याने गाडीच्या पडद्यावर बॅटरी टप्प्याटप्प्याने उतरते. ‘एटी+सीएमईआर’ने बदलांची सूचना सुरू होते, तीन पक्षांच्या संभाषणाची सोय दोन्हीकडे असल्यास ‘एटी+सीएचएलडी’ने तिचा तपशील विचारतात. यांपैकी एका उत्तरावर अडखळलेला संच यादीत ‘पेअर्ड’ दिसतो, पण कॉल घेत नाही.

आवाज : मूळ सीव्हीएसडी कोडेक ८ किलोहर्ट्झ नमुनादराचा आहे. २०११ च्या १.६ आवृत्तीत १६ किलोहर्ट्झचा एमएसबीसी आला आणि २०२३ च्या १.९ मध्ये ३२ किलोहर्ट्झचा एलसी३. वरचा कोडेक दोन्ही टोकांना हवा, नाहीतर जोडणी दोघांकडेही असलेल्या खालच्या कोडेकवर, शेवटी सीव्हीएसडीवर, उतरते. म्हणून खोक्यावरील ब्लूटूथचा आकडा न पाहता एचएफपीची आवृत्ती तपासावी.

दोष व उपाय : पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर प्रतिध्वनी-निवारण अपुरे पडते, प्रथम कॉल चालू असताना गाडीचा आवाज कमी करावा. प्रतिध्वनी-निवारणाचे काम गाडीच्या संचाचे असते. त्याने ‘एटी+एनआरईसी=०’ पाठवून फोनमधील निवारण बंद करायचे असते; दोन्ही चालू राहिल्यास शब्द तुटतात. गाणी वाजतात पण कॉल येत नाही, याचे कारण गाणी ए२डीपी या वेगळ्या प्रोफाइलवरून जातात. अँड्रॉइड फोनमध्ये त्या गाडीच्या नावाखाली ‘फोन कॉल’ वेगळा चालू करावा लागतो. फोन करणाऱ्यांची नावे दिसत नसतील तर बहुधा संपर्कयादी देण्याची परवानगी नाकारलेली असते. ती यादी पीबीएपी या आणखी एका प्रोफाइलवरून जाते. फोनच्या प्रणालीचे अद्ययावतीकरण झाल्यावर बिघाड आला, तर जुनी नोंद फोन व गाडी दोन्हींतून काढून नव्याने पेअर करावे. एकाच बाजूची नोंद काढल्यास पेअरिंगची जुनी सांकेतिक किल्ली दुसरीकडे उरते आणि जोडणी नाकारली जाते.

काही जर्मन गाड्यांतील सिम ॲक्सेस प्रोफाइलमध्ये गाडीचा स्वतःचा जीएसएम संच फोनमधील सिमची ओळख वापरतो. आयफोन त्यास साथ देत नाही. फोनची ॲप गाडीच्या पडद्यावर आणणारे अँड्रॉइड ऑटो तारेने जोडले तरी कॉलचा आवाज एचएफपीवरूनच जातो. आयफोनसाठीच्या तशाच तारेच्या कारप्लेमध्ये तो यूएसबीवरून जातो.

सुरक्षितता : १९९७ च्या रेडेलमायर व टिबशिरानी यांच्या अभ्यासात फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला आणि हँड्स-फ्रीमुळे तो घटल्याचे दिसले नाही. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरलेल्या संपर्क-उपकरणाचा वापर धोकादायक वाहनचालनात गणला आहे.